आडवी डहाळी

सर, तुम्हाला लिहायला बसलो की अजून पाठ ताठ होते आणि ऱ्हस्व-दीर्घाची धास्ती वाटते. तुम्ही भूगोलाचे, पण वेलांटी चुकली तरी नकाशाचे गुण कापणारे. तुम्ही जाऊन चाळीसच्या वर वर्षं झाली, मी स्वतः सत्तरी ओलांडून बसलोय, आणि तरी हे पत्र तुम्ही लाल शाईचं पेन हातात घेऊन वाचणार असंच मनात येतंय. वाचा. कापायचे तेवढे गुण कापा. निमित्त म्हणाल तर अगदीच फालतू आहे. गुडघ्यांसाठी चाला असं डॉक्टरांनी सांगितलंय, म्हणून मी रोज सकाळी विश्रामबागेच्या मैदानावर चार टाळक्यांबरोबर गोल गोल फिरतो, घाण्याच्या बैलासारखा. गेल्या आठवड्यात त्यातला एक तरुण इंजिनिअर मला म्हणाला, "काका, तुम्ही मागं पडताय, आमच्या मधे चाला की." किती मायेनं म्हणाला बिचारा. आणि मी त्याच्यावर असा डाफरलो की सगळे थबकले. घरी येऊन बायकोवर चिडलो, चहा गार आहे म्हणून. चहा गरमच होता. "मधे चाला" हे शब्द मी पूर्वी ऐकलेत, सर. ते तुम्हाला ऐकून घ्यावे लागले होते, आणि माझ्यामुळं ऐकून घ्यावे लागले होते. एवढंच सांगायचंय खरं तर, पण एवढ्यावर भागणार नाही असं दिसतंय.

रविवारी माळ फिरणाऱ्या आपल्या मंडळीला नाव असं नव्हतंच. बँकेतल्या कॅशियरसाहेबांनी एकदा 'पदभ्रमण मंडळ' असा शिक्का करून घ्यायची टूम काढली होती, ती तुम्ही हसून उडवून लावलीत. गावानं मात्र आपलं नाव केव्हाच ठेवलं होतं, रिकामटेकडे. नुकतीच ब्रॉडगेज झालेली, गावाबाहेर नवं स्टेशन, आणि त्यावर रविवारी सकाळी आपण दहा-बारा जण डबे आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन उभे. पॅसेंजरनं कधी भिलवडी, कधी ताकारी, लांबचा बेत असला तर तारगाव नाहीतर रहिमतपूर गाठायचं, दिवसभर माळ आणि ओढे तुडवायचे आणि संध्याकाळच्या गाडीनं घरी. वाटेत नवस फेडायचा नाही, सोयरीक बघायची नाही, जमीन घ्यायची नाही, मग हे लोक जातात तरी कशाला, हा प्रश्न अख्ख्या मार्केट यार्डाला पडलेला. मी ज्या हळदीच्या अडत दुकानात कामाला होतो तिथले मालक दर सोमवारी विचारायचे, "काय, काल कुणाचं म्हसरू हरवलं होतं?" मी हसायचो. मलाही पहिले दोन-तीन महिने काही कळलं नव्हतं. तुम्ही मला भर पेठेत गाठून "रविवारी पत्ते कुटतोस म्हणे, त्यापेक्षा चल" असं म्हणालात म्हणून मी आलो. शाळा सुटून किती वर्षं झाली होती, पण तुम्हाला नाही म्हणायची हिंमत कुणात होती.

तुम्ही सगळ्यात शेवटी चालायचात. मला आधी वाटलं, वयामुळं. पन्नाशी उलटलेली, डोक्यावर टोपी, हातात वेळूची काठी, म्हातारं माणूस मागं राहायचंच. मग एकदा चढावर तुम्ही मुद्दाम पाय आखडते घेताना दिसलात आणि मला उमगलं की तुम्हाला मागं राहायचं असतं. शेवटच्याची कामं तुम्ही कुणाला देत नव्हता. शेताच्या कुंपणातून जायला शिरी, म्हणजे काटेरी फांदी, बाजूला केली असेल तर ती जागेवर लावायची. वस्तीवर पाणी प्यायला मागून घेतलेली कळशी परत नेऊन द्यायची, आणि नुसती द्यायची नाही, दोन शब्द बोलून द्यायची. कुणाची वहाण तुटली तर त्याच्याजवळ थांबायचं. आणि डहाळी उचलायची. ही डहाळीची पद्धत आपलीच. फाटा लागला की पुढच्यानं नको त्या वाटेवर एक हिरवी डहाळी आडवी टाकायची. डहाळी दिसली की तिकडं जायचं नाही, हे मागच्यांनी समजायचं. सगळ्यांच्या शेवटी तुम्ही यायचात आणि ती उचलून कडेला ठेवायचात. "आपण गेलो, आता ती वाट ज्यांची त्यांना मोकळी करून द्यायला नको का?" असं म्हणायचात.

औंधचा दिवस तुम्हाला आठवतो का? रहिमतपुराहून बाहेर पडून आपण यमाईच्या डोंगराच्या बाजूनं चाललो होतो, आणि एका वस्तीवरचा पितळी तांब्या माझ्याच पिशवीत राहिला होता. मी तो तसाच घेऊन दीड-दोन मैल पुढं आलेला. लक्षात आल्यावर मी म्हणालो, "सर, परत येताना देऊ." तुम्ही म्हणालात, "परत येताना आपण दुसऱ्या वाटेनं येणार आहोत, हे तुला माहीत आहे गाढवा." मी चरफडत उलटा फिरलो. थोडं चालल्यावर मागं काठीचा आवाज. तुम्ही येत होता. "सर, तुम्ही कशाला? गाडी चुकेल." "त्यांना मिळेल. आपण दोघं उद्या जाऊ." त्या म्हातारीला तांब्या दिला तेव्हा तिला तो गेल्याचा पत्ताही नव्हता. "ठिवायचा की तुमच्याकडंच, त्यात काय," म्हणाली आणि वर गुळाचा खडा दिला. गाडी आपल्याला मिळाली, पळत पळत. डब्यात तुम्ही धापा टाकत बसलेला आणि मी तुमच्याकडं बघतोय. रागावलेला होतो मी, पायाला फोड आलेले. पण मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की आपल्यामागं कुणीतरी आहे. असं मला माझ्या घरातही कधी वाटलं नव्हतं.

आता ताकारीचं. संक्रांत होऊन गेलेली, उसाच्या गाड्या रस्त्यानं वाजत चाललेल्या. त्या दिवशी पुढं चालायचं काम मला पहिल्यांदा मिळालं, कारण माझं मूळ गाव कुंडल, आणि डोंगर ओलांडला की कुंडल. कॅशियरसाहेब म्हणाले, "आज गावकऱ्याच्या हातात सूत्रं." मी असा फुगलो होतो म्हणता. सागरेश्वराची देवळं बघून झाली, डबे एकत्र करून जेवण झालं, आपल्यातल्या कंपाउंडरनं आणलेला लसणीचा ठेचा खाऊन शाळेतल्या शिवणाच्या बाईंना ठसका लागला. उन्हं कलली तसे आपण खिंडीकडं निघालो. वाटेत एका धनगराच्या वाड्यावर पाणी प्यालो. तुम्ही कळशी परत द्यायला मागं थांबलात. बाकी सगळे माझ्या पाठोपाठ.

खिंडीत फाटा आहे. उजवी वाट ताकारी स्टेशनला उतरते, डावी धारेवरून कुंडलला. मी डावीला लागलो. माझे पायच तिकडं वळले, लहानपणापासून मामाकडून घरी यायचो ती ही वाट. मोठ्या ऐटीत तरवडाची डहाळी मोडली आणि उजव्या वाटेवर आडवी टाकली. वीस-पंचवीस पावलं गेलो असेन तोच समोरून एक बाई आली, डोक्यावर सरपणाची मोळी. "आवं, कुटं निगालासा?" "ताकारी स्टेशनला." "मंग हिकडं कशापाय? ही वाट कुंडलला जातीया. टेसन त्या अंगाला." मागं जो हशा पिकला, सर. कंपाउंडर म्हणाला, "याला घरची ओढ लागली, आईनं पिठलं केलंय वाटतं." सगळे उलटे फिरले. कंपाउंडरनं तर त्या आडव्या डहाळीवरून लहान मुलासारखी उडी मारली आणि सगळे आणखी हसले. मीही ती ओलांडली. मला ती दिसली होती. उचलून डाव्या वाटेवर टाकायची, एवढंच काम होतं. पण वाकलो असतो तर पुन्हा हसले असते. माझे कान तापले होते, मला फक्त तिथून लवकर निघायचं होतं. मी मान खाली घालून उतरत राहिलो आणि माझ्या मागनं सगळे उतरले, ती डहाळी ओलांडून. तुम्ही अजून वाड्यावर होता.

तुम्ही गाडीतही शेवटी चढायचात, मागच्या मिळेल त्या डब्यात. त्यामुळं ताकारीला गाडी आली तेव्हा तुम्ही दिसला नाहीत याचं कुणाला काही वाटलं नाही. आम्ही जागा धरून बसलो, शेंगा खाल्ल्या, बाईंनी भजन म्हटलं. सांगलीला उतरून फलाटावर थांबलो. गाडी निघून गेली, फलाट मोकळा झाला, आणि तुम्ही नाही. कॅशियरसाहेबांनी स्टेशनातून ताकारीला विचारून घेतलं, तिथंही नाहीत म्हणाले. "माझ्यासाठी गाडी सोडायची नाही, मी माझा येईन," हे तुमचंच सांगणं, तेच सगळे एकमेकांना सांगत राहिले. कुणी म्हणालं वस्तीवर मुक्काम केला असेल, कुणी म्हणालं सर काय लहान आहेत का. मला फलाटावरच कळलं होतं. ती डहाळी माझ्या डोळ्यांपुढं आली, हिरवीगार, बरोबर वाटेवर आडवी. तोंड उघडायचं होतं. तेवढ्यात कॅशियरसाहेब म्हणाले, "वाट तर नीट दाखवली होतीस ना रे?" आणि मी म्हणालो, "हो, दाखवली की."

दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही आलात म्हणून कळलं. संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर मी तुमच्या घरी आलो. तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसलेला, पाय घमेल्यात, काकू वरून कढत पाणी ओततायत आणि तोंडानं चालू आहे, "हे वय आहे का, आं? रात्रभर मी दार उघडं टाकून बसलेय आणि हे खुशाल डोंगरात." तुमचा आवाज पार बसलेला. मला वाटलं थंडीनं. तुम्ही मला बघून म्हणालात, "ये. हळदीला काय भाव निघाला?" मी भाव सांगितला. काकूंनी शिरा पुढं ठेवला, बेदाणे घातलेला, आणि मी तो खाल्ला, सर. सगळा खाल्ला. तुम्ही म्हणालात, "चुकलो वाट, झालं. एवढं काय त्यात." मी ताटली पुसून घेतली.

गुरुवारी कॅशियरसाहेबांच्या ओसरीवर पुढच्या रविवारचा बेत ठरायचा. तुम्ही आल्या आल्या स्वतःच विषय काढलात. "डहाळी होती जागेवर. मलाच दिसली नाही. डोळ्यांचं जरा काहीतरी झालंय, संध्याकाळचं नीट दिसत नाही." माझ्याकडं न बघता म्हणालात. सगळ्यांना एकदम तुमची काळजी वाटायला लागली. शिवणाच्या बाई म्हणाल्या, "सर, मग तुम्ही शेवटी चालत जाऊ नका बाई." कंपाउंडर म्हणाला, मोतीबिंदू असेल, मिरजेला दाखवून घ्या. कॅशियरसाहेबांनी तुमच्या खांद्यावर हात ठेवला. "सर, तुम्ही आता मधे चाला." तुम्ही मान डोलावलीत. मी तिथंच होतो. कंपाउंडर तिथंच होता, ज्यानं त्या डहाळीवरून उडी मारली होती, पण त्याच्या ध्यानात काही राहिलेलं नव्हतं. माझ्या ध्यानात होतं. मग कुणीतरी विचारलं, शेवटी कोण चालणार? आणि तुम्ही माझ्याकडं बोट केलंत. "हा चालेल. याला द्या." उठताना तुमची तीन सेलची बॅटरी माझ्या हातात ठेवलीत. म्हणालात, "डहाळी टाकताना आधी चार पावलं चालून बघायला सांगत जा पुढच्याला. वाट बरोबर निघाली की मग टाकायची." ती शिक्षा होती का विश्वास होता, हे मला अजून ठरवता येत नाही. तुम्ही दोन्ही एकाच आवाजात द्यायचात.

तोवर मी स्वतःला समजावत होतो, काय सांगावं, शेळ्यांनी डहाळी हलवली असेल, सरांचे डोळे खरंच गेले असतील. मग यात्रेला म्हणून मी कुंडलला गेलो. आमचे थोरले चुलते लष्करातून हवालदार होऊन परतलेले, त्यांना आम्ही आण्णा म्हणायचो. जेवता जेवता म्हणाले, "आरं, तुजं मास्तर आलतं की हितं." "अंदार पडल्याला बग. पारापशी हुबं ऱ्हाऊन इचारत हुतं, सांगलीची मानसं हिकडनं गेली का म्हनून. म्या म्हनलं, न्हाई बा. तर म्हनालं, पोरं वाट चुकल्यात, संगं बायामानसं हायत, आन् बॅटरी माज्यापशीच ऱ्हायलीया." मी विचारलं, मग? "मंग काय, कंदील घेतला न् गेलो संगं. पार खिंडीपातूर, हिकडची घळ, तिकडची घळ. हाका मारून मारून मास्तरचा घसा बसला हुता. लय घाबरलं हुतं. म्या म्हनलं, आवं मास्तर, गाडीत बसून कवाच गेली आसतील ती. तर ऐकंनात. म्हनालं, टेसनच्या वाटंवर डाळी आडवी हाय, मी बगितलीया, म्हंजी हिकडंच आल्यात. तुमचा पुतण्या हाय म्होरं, त्यो आडवी टाकून त्याच वाटंनं जायाचा न्हाई." आण्णा सहज बोलत होते, भाकरी मोडत. सकाळी त्यांनी तुम्हाला दुधाच्या गाडीत बसवून दिलं.

म्हणजे तुम्हाला वाट माहीत होती. स्टेशनची वाट तुमच्या समोर होती, गाडीची वेळ झालेली, आणि तुम्ही ती वाट सोडून डावीकडं वळलात, कारण आम्ही तिकडं गेलो असं माझी डहाळी सांगत होती. आम्ही चुकलोय असं वाटल्यावर तुम्हाला स्टेशन सुचलं नाही. आम्ही शेंगा खात बसलो होतो तेव्हा तुम्ही माळावर आमच्या नावानं हाका मारत होता. आण्णांच्या घरून मी दुसऱ्या दिवशी निघालो तो थेट तुमच्या दाराशी आलो, आज सांगून टाकायचंच म्हणून. तुम्ही दार उघडलंत, "अरे, यात्रा कशी झाली?" मी म्हणालो, चांगली झाली. कुस्त्यांचं सांगितलं. चहा प्यालो. शेवटी उठताना म्हणालो, "आण्णांनी नमस्कार सांगितलाय." तुम्ही माझ्याकडं बघितलंत. वर्गात फळ्याजवळ उत्तर न येता उभ्या राहिलेल्या मुलाकडं बघायचात ना, तसं, राग नाही, नुसतं थांबलेलं. मी चप्पल घातली.

आणि मग ते मधे चालणं. तीन-चार रविवार असतील. सगळे तुमची अशी काही निगा राखायला लागले होते की मला बघवेना. ओढा आला की कंपाउंडर तुमचा हात धरतोय. दगड असला की बाई "सर, दगड" म्हणतायत. तुम्ही मुकाट्यानं हात देत होता. भिलवडीच्या बाजूला नदीकाठी चाललो होतो, मी शेवटी, तुम्ही माझ्या पुढं सात-आठ जणांत. लांब पलीकडच्या काठाला एका वाळक्या फांदीवर खंड्या बसलेला. एवढासा निळा ठिपका, माझ्या तरुण डोळ्यांनाही धड दिसेना. तुमचा हात वर गेला. "तो बघा," एवढं तुम्ही म्हणालात, आणि थांबलात. बाईंनी विचारलं, "काय हो सर?" तुम्ही हात खाली घेतलात. "काही नाही. काहीतरी हललं असं वाटलं." त्या क्षणी मला समजलं की तुम्ही माझ्यासाठी काय पत्करलंय. मोर दिसला तरी बोलायचं नाही, लांबचं गाव ओळखलं तरी सांगायचं नाही, साध्या उतारावर पाय चाचपत उतरायचं. मला जपायला तुम्ही आंधळेपण अंगावर घेतलं होतं आणि आता ते निभवायचं होतं. मी मागून ओरडायला हवं होतं की सरांना दिसतंय, सगळं दिसतंय. मी कुंपणाची शिरी लावत बसलो, नीट लागली होती तरी.

त्यानंतर तुम्ही यायचे बंद झालात. पाय दुखतात म्हणालात. कुणी फार आग्रह केला नाही, आणि रविवार भराभर चालायला लागले, कारण हळू चालायचं कारण उरलं नव्हतं. काकू एकदा मंडईत भेटल्या. "रविवार आला की काय करू आणि काय नको होतं रे त्यांना. सकाळी उठून बसतात आणि मटार सोलतात. परवा मेथी निवडली, देठासकट. तू घेऊन जा ना जरा, तुझं ऐकतील." मी म्हणालो, "येतो काकू, नक्की." माझ्या हातात कोथिंबिरीची जुडी होती, तिची पानं खुडत मी उभा. गेलो नाही. तुमच्यासमोर बसायचं म्हणजे काय, हे मला ठाऊक झालं होतं. आणि त्या पावसाळ्यानंतर तुम्ही गेलात. छातीत कळ आली एवढं निमित्त. मी खांदा दिला. लोक म्हणाले, फार लाडका विद्यार्थी.

डहाळीचं तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, सर. त्यासाठी हे पत्र लिहायची गरज नव्हती. पाकीटही आणलेलं नाही, आणून त्यावर कुठला पत्ता घालणार. पण तुम्हाला माहीत नसेल असं एक आहे, म्हणजे माहीत नसावं अशी माझी इच्छा आहे. तुम्ही जायच्या आधीचा उन्हाळा. तारगावचा बेत होता. गाडी सुटायला आलेली, सगळे चढलेले, मी दारात उभा, फलाटावर कुणी राहिलं का बघायला. तेवढं बघायचं, हेच तर शेवटच्याचं काम. लांब फलाटाच्या टोकाला, पाण्याच्या नळापाशी, तुम्ही उभे होता. इकडंच बघत. मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलोय की तुम्ही कुणाला तरी पोचवायला आला असाल. पण एरवी तुम्ही जन्मभर चपला घातल्यात, आणि त्या दिवशी पायात आपल्या रविवारचे कॅनव्हासचे बूट होते, खांद्याला पिशवी होती. मी एक हाक मारली असती तर तुम्ही आला असता. हाक मारली असती तर पुन्हा तुम्हाला मधे चालताना बघावं लागलं असतं, नाहीतर सगळ्यांसमोर खरं बोलून तुमची जागा तुम्हाला परत द्यावी लागली असती. आणि मला ती जागा आवडायला लागली होती, सर. गाडी हलली. कॅशियरसाहेबांनी आतून विचारलं, "आले का रे सगळे?" तुमच्याकडं बघतच मी म्हणालो, "आले."